हिशेब लिहून देणाऱ्यांचा पगार कोणी द्यायचा?

पत्र

नमस्कार. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं छोट्या संस्थांसाठीचं सहाय्य केंद्र आहे. महिला मंडळं, दिव्यांगांचे गट, एकल महिलांची संघटना, बालवाड्या चालवणाऱ्या संस्था अशा ४३ संस्था आमच्याकडे येतात. त्यांची कीर्द-खतावणी बघणं, ऑडिटची तयारी, धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज, ८०जीचं (देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीचं) नूतनीकरण, प्रस्ताव लिहून देणं, कार्यकारिणीचं प्रशिक्षण हे सगळं आम्ही करतो. आम्ही चार जण आहोत, वर्षाचा खर्च १८ लाखांच्या आसपास. आधी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी यायचा, तो २०२० नंतर थांबला. मग एका कंपनीच्या सीएसआरने, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीने, हात दिला. आता ती कंपनी म्हणते, मार्चनंतर या कामाला पैसे नाहीत, कारण यात थेट लाभार्थी दिसत नाहीत. त्याऐवजी २५ शाळांत डिजिटल वर्ग उभे करा, ३० लाख देऊ, त्यात ५ टक्के प्रशासकीय खर्च धरा. आमच्यातले काही म्हणतात, घेऊन टाका, केंद्र तरी जगेल. काही म्हणतात, संस्थांकडून फी घ्या. एक विश्वस्त तर म्हणाले, "संस्थांना मदत करायला वेगळी संस्था हवीच कशाला? सीए आहेत की." मला तर काही सुचेनासं झालंय.

— एक कार्यकर्ती, लातूर जिल्हा

उत्तर

ताई,

आधी तुमच्या विश्वस्तांचं बघू. त्यांचा प्रश्न खवचट वाटला तरी तो उद्या प्रत्येक देणगीदार विचारणार आहे, तेव्हा घरातच उत्तर तयार झालेलं बरं.

सीए येतो शेवटी. समोर ठेवलेले कागद तो तपासतो आणि सही करतो. पण मस्टरवर सह्या आहेत का, व्हाउचरला बिल जोडलंय का, ठरावावर तारीख आहे का, हे वर्षभर कोणी बघायचं? महिला मंडळाची निवडणूक झाली की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो गेला नाही तर तिथल्या नोंदवहीत वारलेल्या अध्यक्षाच राहतात. मग बँक सह्या बदलून देत नाही, खातं अडतं आणि मंजूर झालेला हप्ता वर्षभर लटकतो. हे काम सीएचं नाही, आणि छोट्या संस्थेकडून त्याला मिळणाऱ्या पैशांत ते बसतही नाही.

शिवाय गेल्या काही वर्षांत हे काम वाढलं आहे. १२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी पूर्वी एकदा मिळालं की मिळालं. २०२१ पासून ते मुदतीचं झालं, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. (५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी १२एची मुदत २०२५ मध्ये दहा वर्षांपर्यंत वाढवली, तेवढा दिलासा.) देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरायची, तरच त्यांना करसवलतीचा दाखला मिळतो. सीएसआरचा पैसा हवा तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही सरकारकडची वेगळी नोंदणी लागते. म्हणजे ज्या वर्षांत छोट्या संस्थांना तुमची गरज वाढत गेली, नेमक्या त्याच वर्षांत तुमचे पैसे आटत गेले. कार्यकारिणीच्या बैठकीत हे एवढंच मांडा. विश्वस्त हुशार असतील तर त्यांना कळेल.

पैसे का आटले, हेही नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्रात कुठेतरी 'आपलंच काही चुकलं का' असा सूर आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही असं ठरलं. दुसरीची एफसीआरए नोंदणी असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. मुंबईची मोठी संस्था पैसे आणणार, खालच्या संस्थांना वाटणार आणि त्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्या केंद्राला त्यातला वाटा देणार, ही साखळी कायद्यानेच तोडली. ती परत येईल या आशेवर राहू नका.

देशी पैशालाही अशीच एक गाठ बसली आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर एका धर्मादाय संस्थेने दुसरीला देणगी दिली तर देणाऱ्या संस्थेच्या हिशेबात त्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. त्यामुळे मोठे ट्रस्टही आता मधल्या संस्थेमार्फत पैसे द्यायला कचरतात. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तुमच्या फायद्यासाठी तो वापरायचा आहे.

आता कंपनीच्या प्रस्तावाकडे. माझं मत स्पष्ट आहे: आहे तसा तो घेऊ नका.

आधी साधी आकडेमोड करा. ३० लाखांचे ५ टक्के म्हणजे दीड लाख. तुमच्या केंद्राचा खर्च १८ लाख. उरलेले साडेअठ्ठावीस लाख स्क्रीन, इन्व्हर्टर, वायरिंग आणि मुख्याध्यापकांच्या सह्या गोळा करण्यात जाणार. तुमची चारही माणसं वर्षभर शाळाशाळांतून फिरणार आणि ४३ संस्थांचा मार्च एंड कोणी बघायचा हा प्रश्न जागच्या जागी राहणार. 'केंद्र तरी जगेल' म्हणतात, पण जगेल ती फक्त दारावरची पाटी.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तुमच्या ४३ पैकी काही संस्था शाळांत, बालवाड्यांत काम करतात. उद्या त्यांच्या गावात तुम्हीच प्रकल्प घेऊन उतरलात तर तुम्ही त्यांच्या स्पर्धक. काल जी बाई आपली हिशेबाची वही तुमच्यापुढे निर्धास्त उघडायची, कुठे उसनवारी केली, कुठला हप्ता कशाला वापरला ते सांगायची, ती उद्या सांगेल का? सहाय्य केंद्राचं भांडवल म्हणजे हा विश्वास. तुमच्याकडे प्रत्येक संस्थेचं बजेट, देणगीदारांची नावं आणि कच्चे दुवे असतात. असं माहीत असलेल्या माणसाने त्याच देणगीदाराच्या दारात स्वतःचा प्रस्ताव घेऊन उभं राहायचं नसतं. मोठमोठ्या शहरांत हे झालेलं मी पाहिलं आहे. आधी 'फक्त एक वर्ष' म्हणून प्रकल्प घेतला जातो, दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी नेमलेली माणसं जास्त होतात, तिसऱ्या वर्षी सहाय्याचं काम शनिवारी उरकायचं काम होतं.

कंपनीला थेट नकारही देऊ नका. उलट प्रस्ताव द्या: तुमच्या परिसरातल्या ज्या दोन-तीन संस्थांकडे १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ आहे, त्यांच्याशी कंपनीने थेट करार करावा, शाळा त्या बघतील. आणि प्रत्येक करारात हिशेब, अहवाल आणि कंप्लायन्ससाठी, म्हणजे कायदेशीर कागदपूर्तीसाठी, एक ओळ असेल, त्या ओळीचे पैसे तुम्हाला. कंपनी नाही म्हणाली तर गेला बाजार तुमच्या संस्थांना काम मिळू शकेल अशी एक ओळख तरी झाली.

त्या '५ टक्क्यां'बद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण या एका आकड्याने महाराष्ट्रातल्या किती संस्थांना उपाशी ठेवलंय त्याला गणती नाही. सीएसआर नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी. पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. म्हणजे कंपनीचा सीएसआर विभाग चालवायला जे लागतं ते, कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत असावं. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळला आहे. तुमच्या लेखापालाचा पगार त्या ५ टक्क्यांत बसवायचा असं नियम कुठेही म्हणत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये प्रश्नोत्तरं काढली, त्यातही हा मुद्दा स्पष्ट केला आहे. पण मधल्या अधिकाऱ्याच्या एक्सेल तक्त्यात '५%' असा रकाना एकदा छापला गेला की तो कायदा होऊन बसतो. त्याच्याशी भांडू नका, नियमाची प्रत पुढे ठेवून विचारा. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेच्या एका अभ्यासात भारतातल्या संस्थांचा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला होता. कामागणिक तो बदलतो. बालवाडी चालवणाऱ्याला आणि प्रशिक्षण देणाऱ्याला एकच टक्केवारी लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाच्या चपला देणं.

असाच दुसरा गैरसमज म्हणजे सीएसआर वर्षाच्या वर्षालाच मंजूर होतं हा. 'चालू प्रकल्प' म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत एकच काम मंजूर करता येतं. दर फेब्रुवारीत जीव टांगणीला लागतो तो कंपनीच्या सवयीमुळे. पुढच्या वेळी बोलणी कराल तेव्हा पहिली मागणी हीच ठेवा. आणि काम कोणत्या कलमाखाली बसतं असं विचारलं तर तुमच्याकडे बहुसंख्य महिला मंडळं असल्यास महिला सक्षमीकरण किंवा ग्रामविकास, ही दोन्ही शीर्षकं कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेत. जे काम खरोखर करता त्याचंच नाव द्या. 'डिजिटल' वगैरे शब्द चिकटवून पैसे आणलेत तर अहवालात ते शोधावे लागतात.

आता फीबद्दल. घ्यावी का? घ्या. पण कोणाकडून आणि किती, यातच सगळी मेख आहे.

माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, लोकसंचालित साधन केंद्रं तुमच्या जिल्ह्यात तुम्ही पाहिली असतील. बचत गटांच्या बायकांनीच चालवलेली, गटांना हिशेब, बँक जोडणी, प्रशिक्षण पुरवणारी आणि बदल्यात गटांकडून शुल्क घेणारी. तुमच्या सहकाऱ्यांच्या डोक्यात बहुधा तोच नमुना असावा. पण बचत गटाकडे स्वतःचा फिरता पैसा असतो. दर महिन्याला बचत, कर्ज, व्याज. त्यातून शंभर-दोनशे रुपये निघतात. शिवाय कर्ज वाटणाऱ्या बँकेलाही हे काम कोणीतरी करून हवंच असतं, तीही सेवाशुल्क देऊ शकते. एकल महिलांच्या संघटनेकडे काय फिरतं? मोर्चा, अर्ज आणि तहसीलच्या चकरा. त्यांच्याकडून बचत गटाच्या हिशेबाने फी मागितलीत तर त्या देणार नाहीत असं नाही, लाजून येणंच बंद करतील. मग मार्चनंतर कळेल की त्यांचं ऑडिटच झालं नाही.

म्हणून ४३ संस्थांची यादी घ्या आणि मधोमध एक रेघ मारा. वर त्या, ज्यांना कुठून ना कुठून प्रकल्पाचा निधी येतो. खाली बाकीच्या. वरच्या किती आहेत मला ठाऊक नाही. समजा १५ आहेत आणि सरासरी प्रकल्प ८ लाखांचा आहे. त्या प्रत्येक प्रकल्पाच्या बजेटमध्ये 'हिशेब, कंप्लायन्स व कार्यकारिणी प्रशिक्षण' अशी ४ टक्क्यांची ओळ असेल तर संस्थेमागे ३२ हजार, एकूण ४ लाख ८० हजार. खालच्या २८ संस्थांकडून वर्षाला नाममात्र २ हजार, म्हणजे ५६ हजार. झाले ५ लाख ३६ हजार.

१८ लाखांपैकी. म्हणजे फी घेऊन केंद्र चालेल हा विचार सोडून द्या. पण हा आकडा छोटाही नाही, आणि त्यातला मोठा भाग गरीब संस्था देतच नाहीये, त्यांना पैसे देणारा देतोय. मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच. हिशेब नीट ठेवलेले हवेत हा हट्ट देणगीदाराचा असतो. उपयोगिता प्रमाणपत्र त्याला हवं, फोटो त्याला हवेत, तिमाही अहवाल त्याला हवा. मग त्याचा खर्च त्याच्याच बजेटमध्ये दिसला पाहिजे. आजवर तुम्ही तो फुकट करून दिलात आणि म्हणून कोणाला दिसला नाही. ज्या देणगीदारांनी तुमच्या १५ संस्थांना पैसे दिले, त्यातल्या निम्म्यांना तुमचं केंद्र आहे हेच माहीत नसणार.

हे पैसे देणगी म्हणून घेऊ नका, सेवेचं शुल्क म्हणून घ्या. वर म्हटलं ते आठवा: एका संस्थेने दुसरीला देणगी दिली तर ८५ टक्केच खर्च धरला जातो. सेवेचं बिल दिलंत तर तो त्या संस्थेचा सरळ खर्च.

इथे दोन खड्डे आहेत, ते सांगायलाच हवेत. पहिला आयकराचा. तुमची संस्था 'सर्वसाधारण लोकोपयोगी काम' या वर्गात मोडत असेल तर शुल्क घेऊन केलेल्या सेवांचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत लागतं, नाहीतर त्या वर्षाची करसवलत जाते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ च्या निकालात या वर्गातल्या संस्थांच्या शुल्काबद्दल बरीच कडक भूमिका घेतली. वरच्या हिशेबात ५ लाख ३६ हजार म्हणजे १८ लाखांच्या जवळपास ३० टक्के. म्हणजे फी गोळा करण्यात तुम्ही यशस्वी झालात तर करसवलत अडचणीत, असा हा प्रकार. तुमची उद्दिष्टं शिक्षण किंवा गरिबांना साहाय्य या वर्गात बसतात का, हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या, फोनवर नको. दुसरा खड्डा जीएसटीचा: धर्मादाय संस्थांना असलेली सूट ठरावीक कामांनाच आहे, हिशेब लिहून देणं त्यात येत नाही. पण सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. तेव्हा सध्या हा खड्डा लांब आहे.

पहिल्या खड्ड्यावर माझा एक उपाय आहे. तुमच्या सहकाऱ्यांना तो आवडणार नाही कदाचित. हिशेब लिहिण्याचं काम केंद्रातून बाहेर काढा. टॅली, व्हाउचर, बँक जुळवणी, ऑडिटची तयारी हा धंदा आहे, आणि धंदा असण्यात काही कमीपणा नाही. तुमच्या चौघांपैकी जे दोघं हे काम करतात त्यांना तालुक्यात स्वतःचं छोटं कार्यालय काढू द्या. सुरुवातीला तुमच्या ४३ संस्थांचं काम त्यांच्याकडे जाईल. ५ लाख ३६ हजारांत दोघांचे महिन्याला प्रत्येकी २० हजार निघून ५६ हजार उरतात. जागा तुमचीच वापरू द्या, पहिलं वर्ष. पुढे त्यांना शेतकरी उत्पादक कंपन्यांचं काम मिळेल. लातूर भागात त्या भरपूर आहेत, आणि कंपनी कायद्याखालचे वार्षिक फॉर्म भरताना त्यांची पार दमछाक होते. ती मंडळी पैसे देऊ शकतात. एवढीच काळजी घ्या की त्या कार्यालयात तुमचा कोणी विश्वस्त किंवा त्याचा नातेवाईक भागीदार नको. हितसंबंधाचा प्रश्न आयकर विभाग उपस्थित करतो, आणि करायलाच हवा.

प्रस्ताव लिहून देण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. ते कमी करा. आणि 'मिळालेल्या निधीच्या इतके टक्के' या बोलीवर तर कधीच करू नका. तसं केलंत की तुम्ही त्या संस्थेला जे मिळण्यासारखं आहे ते सांगायला लागता, जे तिला करायचंय ते मागे पडतं. वर्षातून एकदा दोन दिवस सगळ्यांना बसवून बजेट कसं मांडायचं ते शिकवा, पुढचं त्यांचं त्यांना लिहू दे. प्रस्ताव मोडकातोडका असला तरी तो त्यांचा असेल.

मग केंद्रात काय उरतं? जे कोणीच पैसे देऊन विकत घेणार नाही, पण जे नसेल तर संस्था मोडते. कार्यकारिणीत भांडण झालं तर मध्ये बसणारं माणूस. धर्मादाय कार्यालयाची नोटीस आली की ती वाचून समजावणारं माणूस. नव्या अध्यक्षाला पहिल्यांदा चेकवर सही करताना 'कोऱ्या चेकवर नको हं' असं सांगणारं माणूस. याला दोन जणांचा पगार, प्रवास आणि भाडं धरून ९ लाखांच्या आसपास लागतील असा माझा अंदाज. १८ लाखांसाठी एक कंपनी शोधण्यापेक्षा ९ लाखांसाठी चार-पाच जण शोधणं सोपं जातं, आणि त्यातला एक निघून गेला तरी छप्पर उडत नाही.

कुठे शोधायचे? आधी तुमच्या संस्थांना पैसे देणाऱ्यांकडे जा. तीन देणगीदारांच्या मिळून तुमच्याकडे आठ-दहा संस्था असतील, तर त्या तिघांना एकत्र बसवा आणि दोन वर्षांसाठी प्रत्येकी दीड लाख मागा. मागताना लाभार्थ्यांचा आकडा फुगवू नका. तुमच्याकडे त्याहून चांगले आकडे आहेत: ४३ संस्थांचा मिळून वर्षाचा किती खर्च तुमच्या डोळ्यांखालून जातो, किती नूतनीकरणं मुदतीत झाली, अडकलेले किती हप्ते कागद पूर्ण झाल्यावर सुटले. हे रजिस्टरमधून काढायला आठवडा लागेल, पण 'थेट लाभार्थी दिसत नाहीत' याचं उत्तर त्यातच आहे. प्रत्येक संस्थेकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या, त्यांच्याच भाषेत. छापील मसुदा वाटू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

भारतीय देणगीदार या कामाला पैसे देतच नाहीत असंही नाही. २०२१ मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने अनेक देणगीदारांनी मिळून ग्रो फंड उभा केला, त्यातून १०० संस्थांना त्यांची अंतर्गत क्षमता वाढवायला निधी दिला. तुम्हाला तिथून पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. पण शहरातल्या सभेत 'असं कोणी करत नाही' असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्या.

बाकी पैसे जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेर गेलेल्या जिल्ह्याच्या माणसांकडून येऊ शकतात. पुण्यात स्थिरावलेले लातूरचे डॉक्टर, इंजिनिअर, क्लासवाले यांना ८०जीच्या पावतीवर वर्षाला १०-१५ हजार द्यायला काही वाटत नाही, फक्त कोणीतरी नाव घेऊन मागावं लागतं. रोख २ हजारांच्या वर घेऊ नका, त्याला करसवलत नाही. सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांनी शेअर बाजारातून निधी उभारण्याचं, कोणी सुचवलं तर सध्या दुर्लक्ष करा. तिथली कागदपत्रं करायला तुम्हालाच एक सहाय्य केंद्र लागेल.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुमच्या चौघांना बसवून पैशांची खरी स्थिती सांगा. मार्चनंतर बँकेत किती महिन्यांचा पगार आहे, तो आकडा त्यांना तुमच्याकडून कळू दे, ऑडिटच्या दिवशी नको. हिशेबाची माणसं आहेत, त्यांना तसाही अंदाज आलेलाच असणार. नवीन कार्यालयाची कल्पना त्यांच्यापुढे ठेवा. त्यांना नको असेल तर लादू नका, पण तसं असेल तर त्यांना दुसरीकडे नोकरी शोधायला वेळ मिळायला हवा. ४३ संस्थांनाही एक पत्र जाऊ दे: मार्चनंतर कोणती कामं बंद होतील, कोणत्या कामाला शुल्क लागेल, कोणती तशीच राहतील. येत्या वर्षी ज्यांची नूतनीकरणाची मुदत संपते त्यांची वेगळी यादी करा आणि त्यांचं काम मार्चच्या आत उरका, मग बाकी काही राहिलं तरी चालेल.

आणि कंपनीला शेवटचं पत्र लिहाल तेव्हा निरोपाचा निधी मागा. इतकी वर्षं पैसे दिलेलं काम एका तारखेला कापण्याऐवजी तीन महिन्यांचा उतरता खर्च द्या, म्हणजे पहिल्या महिन्याला पूर्ण, दुसऱ्याला दोन तृतीयांश, तिसऱ्याला एक तृतीयांश. १८ लाखांच्या हिशेबाने महिन्याला दीड, म्हणजे एकूण ३ लाख. ३० लाख द्यायला तयार असलेल्या कंपनीला ३ लाख नाही म्हणणं जड जातं. नव्या आर्थिक वर्षाचं बजेट त्यांच्याकडे बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं, तेव्हा हे पत्र या आठवड्यातच जाऊ दे.